शेजाऱ्याचं उघडं वाय-फाय आणि होमस्टेचे पाहुणे

प्रश्न : मालवणजवळच्या वाडीत आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. घरात मोबाईलला रेंज नाही. शेजारचे चाकरमानी फक्त गणपतीला आणि शिमग्याला येतात, पण सीसीटीव्हीसाठी त्यांचं फायबर वर्षभर चालू असतं, तेही पासवर्डाशिवाय. आठ महिने मुलाने त्यावर कॉलेजचा अभ्यास केला, पाहुण्यांनाही तेच नेट दिलं. आता शेजारी म्हणतात, ‘पोलिसांत जातलंय.’ हा गुन्हा होतो का?

उत्तर : पासवर्ड नव्हता म्हणजे परवानगी होती, असं होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणं एवढंच पुरेसं आहे, कुलूप तोडलं की नाही हा प्रश्नच नाही. नेटवर्कच्या व्याख्येत वायरलेसही येतं. मात्र कलम 43 ची जबाबदारी नुकसानभरपाईपुरती. त्याचा फौजदारी गुन्हा होतो तो कलम 66 खाली, कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं असेल तर : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण जामीनपात्र. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.

मुलाच्या अभ्यासात अप्रामाणिक हेतू दाखवणं कठीण जाईल. तुमची अडचण पाहुण्यांची आहे. खोलीचं भाडं घेऊन ‘वाय-फाय आहे’ असं सांगितलंत, म्हणजे दुसऱ्याच्या बिलावर कमाई केलीत, असा मुद्दा समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत काढेल. नेटवर्कचं नाव लिहून खोलीत चिठ्ठी लावली असेल तर ती आजच काढा. पण फाडू नका, आणि शेजाऱ्यांशी झालेले व्हॉट्सॲप मेसेजही पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि तो मूळ प्रकरणापेक्षा महागात पडू शकतो. राउटरच्या यादीत जोडलेल्या फोनची नावं दिसतात, त्यामुळे ‘आम्ही वापरलंच नाही’ हे टिकणार नाही.

घरातल्या प्रत्येक फोनवर आणि लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करा. नुसतं वाय-फाय बंद ठेवून भागत नाही; पुन्हा चालू केलं की फोन आपणहून जोडला जातो.

मग शेजाऱ्यांकडे जा, समोरासमोर बोला. मेसेजवर लांबलचक माफी लिहू नका, तो कबुलीजबाब म्हणून वाचला जातो. नुकसान किती ते बिलावरून ठरवा. प्लॅन अमर्याद असेल तर त्यांचे जादा पैसे गेलेले नसतील, फार तर वेग कमी झाला असेल. टॉप-अप घ्यावे लागले असतील तर त्याच्या पावत्या मागा. तरीही निम्मं बिल द्यायची तयारी ठेवा. समजा महिना 599 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 707 रुपये. आठ महिन्यांचं निम्मं साधारण 2,830. एवढ्यावर मिटत असेल तर घासाघीस करू नका. रक्कम ऑनलाइन द्या आणि ‘आता काही तक्रार नाही’ एवढं सहीनिशी लिहून घ्या.

त्यांचा राग पैशांचाच असेल असंही नाही. नेटवर कोणी काही भलतं केलं तर पोलीस आधी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात येतात. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता, आणि चौकशीला आधी त्यालाच सामोरं जावं लागलं. तुमच्या पाहुण्यांनी आठ महिन्यांत काय पाहिलं, काय पाठवलं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

नोटीस आलीच तर ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 35(3) खाली, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, आहे का ते पाहा. असेल तर ठरल्या तारखेला हजर राहा. तिचं पालन करत असाल तर सहसा अटक होत नाही. जाण्याआधी वकिलाला दाखवा, प्रत जवळ ठेवा.

पुढे शेजारी राजी झाले तरी परवानगी फक्त मुलापुरती मागा. घरगुती प्लॅनच्या अटींत घराबाहेर नेट वाटायला बहुधा मनाई असते. पाहुण्यांसाठी तुमच्या नावावर वेगळं कनेक्शन घ्या. शेजारी फायबर आलंय म्हणजे खांबावरून तुमच्याकडेही येईल.