४०७ चं इंजिन, पिकअपची आरसी

प्रश्न : वकीलताई, माझी २०१२ ची महिंद्रा पिकअप आहे. मी आणि भाऊ आलटून-पालटून चालवतो, भाजीपाला मार्केटला नेतो. मध्यंतरी इंजिन जाम झालं. गॅरेजवाला म्हणाला, यावर खर्च करू नका, टाटा ४०७ ट्रकचं इंजिन टाकू, घाटात लोड ओढेल. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओही दाखवले. त्याने जुन्या बाजारातून ४०७ चं इंजिन आणलं, बोअर, क्रँक, हेड सगळं काम करून बसवलं. ठरले १ लाख ४५ हजार, त्यातले १ लाख १० हजार मी फोनवरून दिले. पक्की पावती नाही. महिन्याभरात ऑइल प्रेशर गेलं, खालून ठोका यायला लागला, डिपस्टिकला दुधाच्या चहासारखं ऑइल. तो म्हणतो, तुम्ही ओव्हरलोड केलं. गाडी त्याच्या दारात आहे. उरलेले ३५ हजार आणि पार्किंगचे रोज २०० दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. एजंट आठ हजारांत जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देतो म्हणतोय. भाऊ म्हणतो, रात्री चार पोरं घेऊन जाऊ आणि गाडी टोचन करून आणू. काय करावं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, पैशाचं नंतर बघू. आधी भावाला आवरा.

स्वतःचीच गाडी उचलली तर चोरी कशी, असं त्याला वाटत असणार. कायद्यात याचं उत्तर फार जुनं आहे. भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली घड्याळाचं एक उदाहरण होतं, तेच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली आहे. दुरुस्तीचे पैसे बाकी असताना कारागिराने घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलं आणि मालकाने ते त्याच्या ताब्यातून काढून नेलं, तर मालकसुद्धा चोर ठरतो. घड्याळाच्या जागी पिकअप ठेवा. आज फिर्यादी तुम्ही आहात. एका रात्रीत आरोपी व्हाल.

एजंटाला तर सरळ नाही सांगा. पंच केलेला नंबर ही खोटी ओळख आहे. त्यात फसवणूक आणि बनावटीकरण येतं, आणि हे इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर खोडलेला नंबर पाहून पोलीस तुमच्याकडेच बोट दाखवतील. आठ हजारांत तुम्ही स्वतःविरुद्धचा पुरावा विकत घेताय. शिवाय त्या इंजिनाचं काहीही बिल तुमच्या हातात नाही. तेव्हा ब्लॉकवरच्या नंबराचा स्पष्ट फोटो काढा आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तो चोरीच्या नोंदीत आहे का ते बघा. ते इंजिन ज्या गाडीतलं, तिच्या आरसीची प्रत गॅरेजवाल्याकडे लेखी मागा. तो देणार नाही, पण मागितल्याची नोंद राहील.

आता मूळ दुखण्याकडे येते, आणि ते गॅरेजवाल्याचं नाही, तुमचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. तुमच्या पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं. ४०७ मध्ये येणारं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, २९५६ सीसी. बनावट वेगळी, क्षमता वेगळी, नंबर वेगळा. ते इंजिन तुमच्या बीएस-३ (धुराचं सरकारी मानक) गाडीच्या आधीच्या काळातलं असेल तर धुराचा मुद्दाही आला. ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळला नाही तर कलम ५५(५) खाली, तुमचं म्हणणं ऐकून, नोंदणीच रद्द होऊ शकते. कलम १८२ए(४) प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मंजुरीशिवाय झालेला बदल १४ दिवसांत आरटीओला कळवायचा असतो, ती मुदतही गेली. उद्या अपघात झालाच, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळेल.

त्या व्हिडिओंचं म्हणाल तर तिथली माणसं पन्नास वर्षांच्या जुन्या पिकअपमध्ये बिग-ब्लॉक व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन टाकतात खरी. पण कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना नियमित धूर-तपासणीतून सूट आहे, म्हणून जुन्या गाडीत ते खपतं. सांगलीच्या रस्त्यावरच्या मालवाहू गाडीला तो दाखला चालत नाही.

म्हणून हे इंजिन घेऊन पासिंगला जाऊ नका. तारीख गेली तर विलंबाचा भुर्दंड भरता येईल, रद्द झालेली आरसी परत आणणं अवघड. मात्र फिटनेस संपल्यावर गाडी रस्त्यावर काढायची नाही, एक फेरीसुद्धा नाही.

तुमचं मूळ इंजिन कुठे आहे, हे पत्रात कुठेच नाही. गॅरेजवाल्याने भंगारात ठेवून घेतलं असेल तर नोटिशीतली पहिली मागणी तीच करा. त्या ब्लॉकवर तुमचा नंबर आहे. तोच ब्लॉक बोअर करून, स्लीव्ह टाकून स्टँडर्ड साईजला आणला, क्रँक ग्राइंड केला, तर आरसीवरचं काहीच बदलत नाही. असं फुल इंजिन काम म्हणजे कायद्याच्या भाषेत फक्त दुरुस्ती. ब्लॉक खरोखरच गेला असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन पक्क्या बिलाने घ्यायचं, आणि बसवण्याआधी आरटीओची परवानगी. नंतर नाही.

आता पैसे. इथे तुमची बाजू बरी आहे, पण पुरावा अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहे, तोही न उघडलेल्या इंजिनात. त्याला एकट्याला ते खोलू देऊ नका. नोटिशीत तारीख आणि वेळ द्या, दोघांच्या समोर खोला, आणि तिसरा जाणकार माणूस ठेवा : परवानाधारक विमा सर्व्हेअर, नाहीतर आयटीआयचे मोटार मेकॅनिकचे निदेशक. सगळ्याचं चित्रण करा. ऑइल फिल्टर आणि शंभर-दोनशे मिलिलिटर ऑइल सीलबंद करून बाजूला ठेवा.

बेअरिंग निघाले की उलटे करून पाठ बघा. तिथे साईज कोरलेली असते. क्रँक दुसऱ्या अंडरसाईजला, म्हणजे दोन पायऱ्या बारीक ग्राइंड झाला आणि बेअरिंग पहिल्या साईजचे निघाले, तर मधे जास्त फट राहते, आणि ऑइल प्रेशर का गेलं हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. त्यासाठी ज्या लेथवर क्रँक गेला होता तिथली पावती हवी. गॅरेजवाला देणार नाही, लेथवाला बहुतेक देईल. त्याचं यात काही अडलेलं नाही. ऑइलमध्ये पाणी आलं म्हणजे हेड गॅस्केट, तडकलेलं हेड किंवा ब्लॉक यांपैकी काहीतरी. महिन्याभरात हे होणं, आणि त्याच माणसाने हेडचं काम केलेलं असणं, हा योग ग्राहक आयोगापुढे मांडण्यासारखा आहे.

'ओव्हरलोड केलं' याला उत्तर म्हणून त्या महिन्यातल्या वजनकाट्याच्या आणि मार्केट यार्डातल्या पट्ट्या गोळा करा. देण्याआधी मात्र स्वतः बघा. आरसीवर जितका माल लिहिलाय त्याहून जास्त निघाला, तर त्या पट्ट्या त्याच्याच कामाला येतील.

गाडी अडवून ठेवण्याचा हक्क त्याला करार कायद्याच्या कलम १७० ने मिळतो, पण तो ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मेहनतान्यापुरता. अडवून ठेवायचं स्वतःच्या सोयीसाठी आणि जागेचं भाडं तुमच्याकडून घ्यायचं, हे त्यात बसत नाही. ते २०० रुपये मान्य करू नका, व्हॉट्सअॅपवर गंमतीतसुद्धा नाही. ३५ हजारांचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. गाडी लगेच हवी असेल तर 'वाद कायम ठेवून, हक्क राखून' असं लिहून बँकेतून भरा आणि पावती घ्या. थांबता येत असेल तर तक्रारीसोबत अंतरिम आदेश मागा. तुमच्या जागी मी असते तर भरले असते, कारण गाडी दारात आल्याशिवाय मूळ इंजिनाचं कामच सुरू होत नाही. पण भरण्याआधी इंजिन त्याच्याकडेच, सगळ्यांसमोर खोलून घ्या. टोचन करून आणल्यावर खोललं तर 'वाटेत काहीतरी केलं' असं म्हणायला तो मोकळा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने दाखल करायला शुल्क नाही. तो म्हणेल, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. तुम्ही दोघं भाऊ स्वतः चालवून पोट भरता, हे शपथपत्रात ठळक लिहा. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सांगितलंय. तक्रारीत इंजिन ही विकत घेतलेली सदोष वस्तू आणि बसवणं ही सदोष सेवा, अशा दोन्ही बाजू मांडा.

तो असंही म्हणेल की बदल तुमच्या मर्जीने झाला आणि तोच बेकायदा आहे. हे झाकू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा : सल्ला त्याने दिला, परवानगी लागते हे त्याने सांगितलं नाही, आणि कळल्याबरोबर तुम्ही इंजिन काढलं. तरी पूर्ण १ लाख १० हजार परत मिळतील असं मी म्हणणार नाही. आयोग तुमच्या वाट्याची चूक मोजून काही रक्कम कापू शकतो. सदोष कामाचे पैसे आणि मूळ इंजिनाची किंमत यावर मात्र जोर धरा.

नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने जाऊ द्या, पंधरा दिवसांची मुदत देऊन. सोबत पैसे दिल्याच्या बँक नोंदी, त्याच्याशी झालेले मेसेज आणि गाडीचे आजचे फोटो जोडा. फोटोत किलोमीटरचा आकडा दिसला पाहिजे.