कुलपाआधी रिंगचं माप

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही दोघं तिशीतले, चॅस्टिटी केज (लिंगावर चढवून कुलूप लावायचा छोटा पिंजरा) वापरायचं दोघांनी बसून बोलून ठरवलेलं, आणि किल्ली बायकोकडे असावी ही इच्छा मुळात तुझीच, हे तू सुरुवातीलाच लिहिलंस ते बरं केलंस. यातली एखादी गोष्ट जरी डळमळीत असती तर पुढचं सगळं लिहायचं कारणच नव्हतं.

तू विचारतोस, 'सगळ्यात सुरक्षित केज कोणती?' आपल्या 'सुरक्षित' या शब्दाने इथे घोटाळा करून ठेवला आहे. निसटता येत नाही तेही सुरक्षित आणि इजा होत नाही तेही सुरक्षित. विकणारे पहिला अर्थ विकतात: जाड पोलाद, भक्कम कुलूप. पण केज निसटते ती कुलूप कच्चं म्हणून नव्हे, रिंग सैल म्हणून. आणि इजा होते तीही बहुतेक वेळा रिंग घट्ट म्हणूनच. तेव्हा तुझ्या प्रश्नाचे दोन्ही अर्थ त्या एका कडीपाशी येऊन थांबतात.

केजचे भाग मोजकेच. अंडकोशाच्या मागून आणि लिंगाच्या वरून फिरणारी बेस रिंग, पुढची नळी किंवा पिंजरा, दोन्ही जोडणारी पिन, मधलं अंतर राखणारा स्पेसर आणि कुलूप. रिंग मागे अडकून राहते म्हणून पुढचा पिंजरा जागेवर राहतो. कुलूप फक्त या दोघांना एकमेकांपासून सुटू देत नाही.

माप घ्यायला न ताणली जाणारी दोरी किंवा कागदाची अरुंद पट्टी घे. शिवणकामाची रबरी टेप नको. अंडकोशाच्या मागून, मुळाशी, वर लिंगाच्या बुडापर्यंत एक फेरा घे. दोरी त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. तो घेर मिलिमीटरमध्ये मोज आणि 3.14 ने भाग. घेर 140 मिमी आला तर व्यास साधारण 44.6, म्हणजे 45 ची रिंग. 157 आला तर 50 ची. रिंग 5 मिमीने बदलली की घेर जवळजवळ 16 मिमीने बदलतो, हे लक्षात ठेव, कारण 'एकच नंबर तर कमी' असं म्हणून लोक मोठी चूक करतात. एकदा मोजून थांबू नकोस. थंडीत आणि गार पाण्याच्या अंघोळीनंतर अंडकोश आक्रसतो, उन्हाळ्यात सैल पडतो. चार-पाच दिवस, सकाळ, दुपार, रात्र असं मोज आणि मधलं माप धर. दोन मापांच्या मध्ये अडकलास तर पहिली रिंग मोठी घे. मोठी रिंग फार तर निसटेल, लहान रिंग रक्तपुरवठा अडवेल. शक्य असेल तर तीन-चार रिंगा सोबत मिळणारा संच घे, कारण अंदाज कितीही चांगला असला तरी पहिली रिंग शेवटची ठरत नाही.

रिंग चढवायची ती पूर्ण शिथिल असताना. आधी एक वृषण आतून पुढे घ्यायचा, मग दुसरा, मग लिंग. पाण्यावर आधारलेलं वंगण थोडं लाव. बसल्यावर रिंग आणि त्वचा यांच्यामध्ये करंगळी थोड्या प्रयत्नाने गेली पाहिजे. बिजागरीची रिंग चढवायला सोपी, पण तिच्या फटीत केस आणि कातडी सापडते. अखंड रिंग या बाबतीत बरी. केस मात्र कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड ठेव. वस्तऱ्याने गुळगुळीत केल्यावर दोन दिवसांनी येणारे खुंट रिंगखाली जास्त त्रास देतात. रिंगची कडा गोल आणि जाडसर हवी. बारीक तारेची रिंग कमी वजनाची वाटते, पण तोच भार अरुंद रेषेवर येतो आणि ती रेष संध्याकाळपर्यंत लाल होते.

पिंजऱ्याची लांबी शिथिल अवस्थेतल्या लांबीइतकी किंवा तिच्यापेक्षा 5 ते 10 मिमी कमी घे. मोठी घेतली की आत मोकळी जागा राहते, त्या जागेत हालचाल होते आणि घर्षणाने त्वचा सोलते. अगदी आखूड घेतली की लघवीची धार नीट बाहेर पडत नाही, कारण मूत्रमार्गाचं तोंड पुढच्या भोकासमोर राहत नाही. नळीचा व्यासही वरच्याच पद्धतीने घेरावरून काढ. रिंग आणि पिंजरा यांच्यामधल्या फटीकडे फार कमी लोक बघतात, आणि चिमटे बसतात ते तिथेच. फट फार कमी असेल तर अंडकोशाची त्वचा दाबली जाते, फार जास्त असेल तर वृषण मागे सरकून निसटतो. साधारण 8 ते 12 मिमीपासून सुरुवात कर आणि स्पेसर बदलून बघ.

साहित्याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिली केज पोलादाची घेऊ नकोस. कडक प्लास्टिकची, म्हणजे पॉलिकार्बोनेट किंवा नायलॉनची घे. वजन कमी, माप चुकलं तरी नुकसान कमी, आणि अडचणीच्या वेळी साध्या निपरने, म्हणजे तार कापायच्या छोट्या पकडीने, कापता येते. माप पक्कं झाल्यावर हवं तर 316 एल दर्जाचं स्टेनलेस स्टील घे. ते उकळून स्वच्छ करता येतं, घामाने गंजत नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियम. ज्या केजवर नुसतं 'मेटल' किंवा 'अलॉय' लिहिलेलं असतं, ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूवर चकाकीचा मुलामा दिलेली असते; मुलामा उडाला की खालचा खरखरीत धातू उघडा पडतो. सिलिकोन मऊ, रात्रीसाठी सोयीचं, पण ताणलं जातं, म्हणून निसटण्याच्या अर्थाने सगळ्यात कच्चं. सिलिकोनवर सिलिकोनचंच वंगण लावू नकोस, पृष्ठभाग चिकट होऊन बिघडतो. पॉलिकार्बोनेटला अल्कोहोलचं सॅनिटायझर लावू नकोस, बारीक तडे जातात आणि त्या तड्यांच्या कडा धारदार असतात.

आता कुलूप. बाहेर लटकणारं छोटं पितळी कुलूप स्वस्त, बदलता येणारं, पण चालताना वाजतं आणि पँटमधून जाणवतं. आत बसणारं दंडगोल कुलूप शांत असतं, पण त्यात घामाचे आणि लघवीचे क्षार साचतात आणि एक दिवस किल्ली फिरत नाही. आठवड्यातून एकदा कुलूप काढून कोमट पाण्यात खळबळ, पूर्ण वाळव. पहिल्यांदा घालण्याआधी दोन्ही किल्ल्या केज हातात धरून दहा-दहा वेळा फिरवून बघ. किल्ली पातळ असते, जोर लावला की आत तुटते. तिसरा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: क्रमांक छापलेलं प्लास्टिकचं एकदाच वापरायचं सील. कात्रीने क्षणात कापता येतं, पण कापलं की क्रमांक जुळत नाही, त्यामुळे गुपचूप काही करता येत नाही. तुम्हा दोघांना नेमकं जे हवं आहे, म्हणजे 'उघडलं तर कळेल' हे, ते त्या सीलने पोलादी कुलपापेक्षा चांगलं साधतं.

मोबाइलवरून उघडणारी केज घेऊ नकोस. 2020 मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने सेलमेट नावाच्या ब्लूटूथ केजमधली त्रुटी जाहीर केली. कोणीही परका माणूस इंटरनेटवरून ती बंद करून ठेवू शकत होता आणि हाताने उघडण्याची सोयच नव्हती. नंतर काही जणांना खंडणीचे निरोपही आले. इंटरनेट, बॅटरी आणि अनोळखी कंपनीचा सर्व्हर या तिघांवर शरीराचा इतका नाजूक भाग सोपवण्यात कसलीही गंमत नाही.

एक कटू गोष्ट सांगून टाकतो. रिंग आणि पिंजरा या जातीची कुठलीही केज पूर्ण अभेद्य नसते. पूर्ण शिथिल असताना, वंगण लावून, चिकाटीने मागून बाहेर येता येतं. ते अडवायला आतल्या बाजूला दात असलेल्या कड्या मिळतात, मूत्रमार्गात सरकवायच्या नळ्याही मिळतात. दोन्हींपासून लांब राहा. दातांनी झोपेत जखम होते. नळीने संसर्ग होतो आणि मूत्रमार्ग आतून आक्रसण्याचा धोका असतो. कमरेचा पट्टा असलेला पूर्ण बेल्ट जास्त पक्का, पण तो मापावर बनवून घ्यावा लागतो, आणि बसल्यावर कंबर वाढते हे धरून उभं राहून आणि बसून, दोन्ही मापं द्यावी लागतात. (मध्ययुगातले सरदार बायकांना असे पट्टे घालून युद्धावर जात ही गोष्ट तू ऐकली असशील. तिला भक्कम पुरावा नाही. 1405 च्या एका जर्मन युद्धशास्त्राच्या हस्तलिखितात एक चित्र आहे, आणि संग्रहालयांतले बरेचसे नमुने अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले निघाले.)

पहिला दिवस एक-दोन तासांचा ठेव, घरी, जागेपणी. काढल्यावर उजेडात त्वचा नीट बघ. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. मग तीन-चार तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस काढ. रात्र सगळ्यात शेवटी, दोन-तीन आठवड्यांनी. निरोगी पुरुषाला झोपेत तीन ते पाच वेळा ताठरता येते. त्यावर इच्छेचा ताबा नाही. त्या वेळी पिंजरा पुढे ढकलला जातो आणि रिंग अंडकोशाला मागून ओढते. सुरुवातीला पहाटे जाग येणारच. उठून लघवीला जाऊन आलास की बहुतेक वेळा ओसरतं. ओसरलं नाही तर काढायचं, तिथे हट्ट नको.

बधिरपणा, गार लागणं, निळसर किंवा जांभळा रंग, सूज, लघवी अडणं: यातलं एक जरी दिसलं तरी लगेच काढ, पाच मिनिटं वाट बघू नकोस. सुजेमुळे रिंग निघत नसेल तर गार पट्टी आणि वंगण लावून एकदा प्रयत्न कर, नाहीतर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. डॉक्टरांना अंगठी कापण्याची सवय असते, त्यांच्यासाठी हा फक्त थोडा मोठा व्यास आहे. लाजेने वाया गेलेले तासच खरं नुकसान करतात. ताठरतेची गोळी घेऊन केज कधीही घालायची नाही. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, सिकलसेल, हर्निया किंवा हायड्रोसील असेल, तर आधी मूत्ररोगतज्ज्ञांना विचार.

स्वच्छतेत आळस केलास तर बाकी सगळं व्यर्थ. लघवी बसूनच कर, नंतर पाणी घाल, टिपून घे. रोज अंघोळीला साबणाचा फेस आतून पूर्ण धुऊन काढ आणि गार हवेच्या ड्रायरने वाळव. ओल राहिली की कातडी पांढरी पडते, मग बुरशी येते. सुंता झालेली नसेल तर अग्रत्वचेखालचा मळ केज न काढता साफ होत नाही. म्हणून रोज एकदा, बायकोच्या समोर हवं तर, केज काढून त्वचा मागे घेऊन धू, आणि पुन्हा पुढे आणूनच केज चढव. त्वचा मागे राहून आत अडकली तर टोक सुजतं आणि ती पुढे येत नाही. ती तातडीने डॉक्टरकडे जाण्याची वेळ असते.

किल्लीबद्दल. एक बायकोकडे, आणि दुसरी तुझ्याजवळ, बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर तिची सही. उघडलंस तर कळेल, पण उघडता येईल. पाकीट तू उघडलंस तर त्यावर टोमणा नाही, शिक्षा नाही, हे आधीच बोलून घ्या. एक ठरलेला शब्द असू दे. तो उच्चारला की कारण न विचारता कुलूप निघेल. घरातल्या खऱ्या भांडणात किल्ली हत्यार म्हणून वापरायची नाही, दोघांनीही. ती दोन दिवस बाहेरगावी जाणार असेल आणि पाकीट तुझ्याजवळ नसेल, तर त्या दोन दिवसांत केज कपाटात. संमती एकदा दिली म्हणजे कायमची झाली असं नाही. दर महिन्याला एकदा, केज अंगावर नसताना, 'पुढे चालू ठेवायचं का' हे दोघांनी एकमेकांना विचारा. आणि तिलाही नाही म्हणता येतं. किल्ली सांभाळणं हे पुष्कळांना दोन आठवड्यांत ओझं वाटू लागतं.

तुझा,
एक अनुभवी मित्र

ता. क. एमआरआय असेल तर धातूचं काहीही अंगावर नको, पिनसुद्धा. विमान प्रवासात प्लास्टिकची केज आणि प्लास्टिकचं सील घातलंस तरी स्कॅनरवर आकार दिसतो आणि तपासणी होऊ शकते. त्या दिवशी ती बॅगेत ठेवलेली बरी. आणि एक छोटा निपर आजच घेऊन ठेव, केज येण्याच्या आधी.