‘निसर्गाचे आभार’ की ‘निसर्गाबद्दल कृतज्ञ’? ऋतू, ऋत आणि ऋण

प्रश्न असा विचारलाय: “ऋतू बदलताना, खास करून पानगळ आणि मग पालवी बघताना मन भरून येतं. त्यावर लिहिताना ‘मी निसर्गाचे आभार मानते’ असं लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली आभार माणसाचे मानतात. मग ‘ऋणी’ लिहिलं ते जड वाटलं, ‘कृतार्थ’ लिहिलं तर अर्थच हलला. नेमका शब्द कोणता? आणि या भावनेत खरंच काही आध्यात्मिक आहे का, की मीच उगाच अर्थ चिकटवतेय?”

थेट उत्तर: ‘कृतज्ञ’. हा शब्द तुमच्या भावनेवर इतका चपखल बसतो की बाकीचे तीन का बसत नाहीत हे बघतानाच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कृतार्थ’ लगेच बाजूला ठेवू. कृतार्थ म्हणजे ज्याचा हेतू साध्य झालाय तो. मुलं मार्गी लागली, काम तडीस गेलं की माणूस कृतार्थ होतो. पालवी बघून तुमचा काही हेतू पूर्ण झालेला नाहीये, त्यामुळे तुम्हाला अर्थ हलल्यासारखा वाटला ते बरोबरच आहे.

आता ‘आभार’. यात ‘भार’ सरळ दिसतोच, आणि मराठीत आपण धन्यवाद ‘देतो’ पण आभार ‘मानतो’, म्हणजे समोरच्यानं केलेल्या गोष्टीचं ओझं आपल्यावर आहे हे कबूल करतो. ओझं असलं की ते उतरवणंही आलं, म्हणून ‘उतराई होणं’. हा शब्द मला फार जवळचा आहे. तुकोबांच्या ‘काय सांगू आता संतांचे उपकार’ या अभंगात ‘काय द्यावे त्यांसी व्हावे उतराई’ असं येतं, म्हणजे सतराव्या शतकातही हा शब्द आज आपण वापरतो त्याच अर्थानं तोंडात होता. भार, मानणं, उतरणं हे सगळं चित्र एकाला एक धरून आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे समोर कुणीतरी असणं. ‘उपकार’चंही तेच, उप म्हणजे जवळ, कुणीतरी जवळ येऊन आपल्यासाठी काही करतं. तुमच्या मैत्रिणीला जे खटकलं ते हे, आणि तिचा कान चांगला आहे. ‘निसर्गाचे आभार’ व्याकरणात चुकीचं नाही, लोक सर्रास लिहितात, पण ते लिहिताना निसर्गाला माणसाच्या खुर्चीत बसवावं लागतं.

आणि ऋतूंच्या बाबतीत ते अवघड जातं, कारण ऋतू कुणी आपल्यासाठी ‘करत’ नाही. पृथ्वीचा अक्ष साधारण २३.५ अंशांनी कललेला आहे एवढंच कारण. पुष्कळांना वाटतं सूर्य जवळ आला की उन्हाळा, पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा उत्तर गोलार्धात थंडी असते. एका गोलार्धात पालवी फुटत असते तेव्हा दुसऱ्यात पानं गळत असतात. या सगळ्यात कुणाचा हेतू, कुणाची मेहेरबानी शोधायची म्हटली तर ज्याची देवावर श्रद्धा आहे त्याला ती सापडेल, ज्याची नाही त्याला नाही सापडणार. मग श्रद्धा नसलेल्या माणसाचं मन भरून येतं त्याला काय म्हणायचं?

इथे ‘कृतज्ञ’ कामाला येतो. कृत अधिक ज्ञ. ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा आणि ‘कृत’ म्हणजे केलेलं. आता हे ‘कृत’ नीट बघा, हे कर्मणी रूप आहे. केलेलं, पण कुणी केलेलं ते शब्दात कुठेच नाही, कर्त्याची जागा रिकामी आहे. ज्याला तिथे ईश्वर ठेवायचाय त्यानं ठेवावा, ज्याला पृथ्वीचा कललेला अक्ष पुरेसा आहे त्यानं तो ठेवावा, आणि ज्याला जागा रिकामीच ठेवायचीय त्यालाही शब्द अडवत नाही. शब्दाची अट एकच, की जे झालंय ते तुम्हाला कळलेलं असावं, तुमच्या लक्षात आलेलं असावं. याच्या विरुद्ध शब्द ‘कृतघ्न’, नुसत्या एका जोडाक्षराचा फरक, पण ‘घ्न’ म्हणजे मारणारा (शत्रुघ्नमधला तोच). म्हणजे केलेलं जो मारून टाकतो, नाहीसं करतो तो कृतघ्न. या जोडीवरून एवढं कळतं की हे शब्द घडवणाऱ्यांना कृतज्ञता ही आधी जाणीव वाटत होती, बोलून दाखवणं नंतर. म्हणूनच मला ‘कृतज्ञता व्यक्त करतो’पेक्षा ‘कृतज्ञता वाटते’ किंवा नुसतं ‘कृतज्ञ आहे’ जास्त खरं वाटतं, ‘व्यक्त करतो’ला ऑफिसच्या पत्राचा वास येतो.

जाणणं म्हणजे काय ते मला स्वतःला एका झाडानं दाखवलं. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता आणि दोन महिने खिडकीशी बसून काढले, समोर एक झाड, दुसरं बघायला काही नाही. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आधी उदास वाटलं, मग रोज बघता बघता सवय झाली आणि मग नजर बसली. खिडकीपर्यंत आलेल्या फांदीवरचं एक पिवळं पान मी नुसतं बोटानं हलवलं तर ते हातात आलं, जोर लावायला लागला नाही, आणि देठाचं टोक बघितलं तर ते तुटल्यासारखं खरबरीत नव्हतं, स्वच्छ होतं, कुणी मोजून कापल्यासारखं. फांदीवर जिथून ते सुटलं तिथे एक छोटी खूण, आणि त्या खुणेच्या अगदी वर, देठ आणि फांदीच्या बेचक्यात एक घट्ट मिटलेला बारका कोंब. आपण मराठीत त्याला ‘डोळा’ म्हणतो ना, तो. पान गळायच्या आधीच पुढच्या पानाचा डोळा तिथे तयार होता. मी इतकी वर्षं असं धरून चाललो होतो की आधी पानं जातात आणि मग कधीतरी नवीन येतात. ते तसं नसतं.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की पान गळायच्या आधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि नायट्रोजन, फॉस्फरस वगैरेचा बराचसा भाग परत फांदीत ओढून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा ओसरला की तो दिसायला लागतो, लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच सुमारास नव्यानं तयार होतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक वेगळा थर असतो आणि पान तिथून सुटतं. हे काम जिवंत झाडच करू शकतं. याचा पुरावा कुणालाही बघता येतो, मोडून लटकलेल्या फांदीवरची पानं वाळून करपून जातात पण फांदीलाच चिकटून राहतात, गळत नाहीत. गळणं ही जिवंतपणाची खूण आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

आणि भाषेला हे आधीच माहीत होतं! आपण पान ‘मेलं’ म्हणत नाही, पान ‘पिकलं’ म्हणतो, फळ पिकतं तसं. पिकणं म्हणजे पूर्ण होणं. आणि ‘पानं गळतात’ इतकंच न म्हणता ‘झाडानं पानं गाळली’, ‘झाडानं पानं टाकली’ असंही म्हणतो, तिथे कर्ता झाड असतं, पान नाही.

‘ऋणी’बद्दल. तुम्हाला जड वाटलं कारण ऋण म्हटलं की देणेकरी आणि घेणेकरी आले, परतफेड आली. पण हा शब्द टाकून देण्याआधी त्याचं घराणं बघा. ‘ऋ’ हा संस्कृत धातू, अर्थ जाणं, पोचणं. त्यापासून ‘ऋत’ म्हणजे विश्वाची चालणारी रीत, सत्य (त्याच्या उलट ‘अनृत’ म्हणजे खोटं). त्यापासूनच ‘ऋतु’, ज्याची येण्याची वेळ ठरलेली आहे तो. आणि संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याचं एक सूत्र आहे, ‘ऋणमाधमर्ण्ये’ (अष्टाध्यायी ८.२.६०). त्याचा अर्थ असा, की याच ऋ धातूला भूतकाळवाचक प्रत्यय लावला की एरवी ‘ऋत’ होतं, पण जेव्हा कर्जदारपण सांगायचं असेल तेव्हा त्या ‘त’चा ‘ण’ होऊन ‘ऋण’ होतं. काशिका या टीकेत या सूत्राखाली उलट उदाहरण म्हणून ‘ऋत’च दिलंय. आधुनिक भाषाशास्त्रात सगळे हे नातं मानतात असं नाही, पण आपल्या व्याकरण परंपरेत ऋत, ऋतू आणि ऋण एका धातूची लेकरं आहेत. मला यातून एवढं दिसतं की जी रीत चालू आहे तीच, ‘मी तिच्यावर जगतो’ अशा बाजूनं बघितली की ऋण होते. हे ऋण फेडायचं म्हटलं तरी फेडणार कुणाला, त्यामुळे ते नुसतं मनात ठेवायचं ऋण. या अर्थानं ‘ऋणी’ लिहिलंत तर तेही चुकीचं नाही, फक्त वाचणाऱ्याला आधी कर्ज आठवेल एवढं धरून चाला.

‘निसर्ग’ हाही शब्द बघाच. नि अधिक सृज्, सृज् म्हणजे सोडणं, मोकळं करणं, त्यातूनच निर्माण करणं. सृष्टी, सर्जन, विसर्जन, विसर्ग, संसर्ग सगळे तिथलेच. संस्कृतात निसर्गचा ‘स्वभाव’ हा अर्थ आहेच, पण त्याच्या सोबत ‘देऊन टाकणं, दान’ हाही अर्थ कोशात आहे. मराठीत तो दुसरा अर्थ आला नाही. पण झाड पान सोडतं तेव्हा मला तो आठवतो.

ऋतूंशी आपलं नातं किती आतलं आहे हे वर्ष मोजायच्या शब्दांतही दिसतं. ‘वर्ष’ म्हणजे मुळात पाऊस. ‘जीवेम शरदः शतम्’ मध्ये शंभर वर्षं मागितलीत ती शंभर शरद म्हणून, आणि वेदांत ‘शंभर हिम’ म्हणजे शंभर थंड्या असंही येतं. शताब्दीतला ‘अब्द’ म्हणजे पाणी देणारा, म्हणजे ढग, आणि वर्षसुद्धा. फारसीतून आलेला आपला ‘साल’ हा शरदचाच दूरचा भाऊ. आणि आजही कुणी अनुभवाचं सांगताना ‘मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतं. क्रियापद बघा, पाहिलेत. म्हणजे आपलं वय आपण पाहिलेल्या ऋतूंमध्ये मोजतो, आणि कृतज्ञ या शब्दाची अटही तीच होती, लक्ष असणं.

(हंगाम, मोसम, सीझन हे ऋतूचे समानार्थी म्हणून सरसकट वापरू नका. हंगाम फारसी, त्याला कामाचा आणि पिकाचा रंग आहे. मोसम अरबी, मान्सून त्यावरूनच. सीझन आपण धंद्याच्या तेजीला आणि मालिकेच्या भागांनाही लावतो. तुमच्या लेखात ऋतूच हवा.)

आता अर्थ चिकटवण्याबद्दल. अध्यात्म म्हणजे अधि अधिक आत्म, आत्म्याविषयीचं, ‘स्वतः’विषयीचं. पानं गळताना बघून तुम्हाला स्वतःबद्दल काही कळलं असेल, काय धरून ठेवलंय आणि काय सुटायला आलंय असं काही, तर शब्दाच्या मूळ अर्थानं ते आध्यात्मिकच आहे, त्यासाठी आणखी काही चिकटवावं लागत नाही. फक्त एक विनंती, झाडावर आपलं दुःख लादू नका. झाडाची पानगळ ही झाडाची गोष्ट आहे, आपण शेजारी उभं राहून बघतोय. ती जशी आहे तशी लिहिलीत तर तुमच्या मनाचं वाचणाऱ्यापर्यंत आपोआप पोचेल.

तुमचं वाक्य मी असं करेन: ‘पानं पिकली, झाडानं ती सोडली, आणि मागे डोळे तयार होते. मी हे पाहिलं. मी कृतज्ञ आहे.’ कुणाबद्दल ते नाही लिहिलंत तरी चालेल. लिहायचंच असेल तर ‘निसर्गाबद्दल कृतज्ञ’ लिहा, ‘निसर्गाप्रती’ पुस्तकी वाटतं.

आणि शुद्धलेखनाचं एक, कारण तुमच्या प्रश्नात नाही पण तुमच्या लेखात हे लागणार. एकटा ‘ऋतू’ मराठीत दीर्घ, अनेकवचनही ‘ऋतू’च, ‘ऋतूंचा’ही दीर्घ. समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व: ऋतुचक्र, ऋतुमान, ऋतुपालट.