नवं खनिज सापडलंय असं वाटतंय? आधी हे तपासा

नुसत्या रासायनिक सूत्रावर भरवसा ठेवू नका. पुण्याजवळच्या वाघोलीत सापडणारी निळी खनिजं, कॅव्हान्साइट आणि पेंटागोनाइट, यांचं सूत्र एकच, स्फटिकरचना मात्र वेगळी. त्यामुळे एक्स-रे विवर्तन (क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी ओळखणं) टाळता येत नाही. त्यासाठी ५०–१०० मायक्रॉनचा, ध्रुवित प्रकाशात एकसारखा काळवंडणारा, म्हणजे एकच स्फटिक असलेला, कण निवडा. पेंटागोनाइट पाच-पाचच्या जुळ्या स्फटिकांत वाढतं, म्हणून त्यांचा ताऱ्यासारखा अख्खा जुडगा यंत्रात बसवलात तर विवर्तनाचे ठिपके एकमेकांत मिसळतात.

घटकांचं प्रमाण मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे यंत्र वापरतात. झिओलाइटवर (पाणी धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खनिजांवर) त्याची इलेक्ट्रॉन शलाका बारीक ठेवलीत की सोडियम सरकतं, पाणी उडतं, घटकांच्या टक्केवारीची बेरीज फसते. शलाका १०–२० मायक्रॉन पसरवा, प्रवाह कमी ठेवा. हायड्रोजन या यंत्राला दिसतच नाही. पाण्यासाठी अवरक्त वर्णपट घ्या.

नाव? स्वतःचं देता येत नाही. प्रस्ताव आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाकडे, मूळ नमुना संग्रहालयात. मंजुरीआधी नाव छापू नका.