‘घरचीच पोरगी’ आणि दीडशे रुपयांची पोस्ट

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वी इतवारीतल्या मिठाईवाल्या काकांना ५०० रुपयांत लोगो करून दिलास, मग १५० रुपयांना एक अशा महिन्याला सोशल मीडियाच्या २० पोस्ट. त्यांच्या ओळखीनं आलेले तिघंही आता तोच भाव मागतात. दर वाढवायचं म्हटलं की काका म्हणतात, “तू तर घरचीच पोरगी, बेटा. एवढंसं तर काम आहे.” पैसे मागायची लाज वाटते आणि न मागता राग येतो, असं लिहिलंयस.

एका पोस्टला बदल धरून अडीच तास लागतात, हेही तूच लिहिलंस. म्हणजे तासाला ६० रुपये. त्यातून वीज, इंटरनेट, लॅपटॉपची झीज आणि पैशासाठी फोन करण्यात गेलेला वेळ वजा कर. उरलेला आकडा कागदावर लिहून समोर ठेव.

मी सीताबर्डीतल्या एका छापखान्यासाठी पानाला ५ रुपयांनी मुद्रितं तपासायचे. तीन वर्षांनी धीर करून ८ मागितले. मालक “बरं” म्हणाले आणि पुढचा गठ्ठा सरकवला. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. ते कदाचित पहिल्या वर्षीही ‘बरं’च म्हणाले असते, मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून काकांना लबाड समजू नकोस. भाव तू सांगितलास, त्यांनी तो दिला.

पण सुरुवात काकांपासून नको, त्यांच्यासमोर तुझी जीभ अडखळते. पुढच्या नव्या गिऱ्हाइकाला ३०० सांग आणि सांगून गप्प राहा. ‘थोडं कमी करून देईन’ हे आपणहून म्हणायचं नाही. एक-दोघांनी तो दर दिला की काकांना महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळव: पोस्टचे ३००, त्यात दोनदा बदल, तिसऱ्या बदलाचे वेगळे. ते काम बंद करतील का? करतीलही. ३००० रुपये जातील, ५० तास मोकळे होतील.

पुढे पैसे थकू नयेत म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे. ऑनलाइन होते, शुल्क नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करारात काहीही लिहिलेलं असो.

पहिल्यांदा ३०० सांगशील तेव्हा मला कळव. समोरच्यानं नाही म्हटलं, तरी कळव.

तुझी मावशी