सगळ्यांनी ‘नेहमी’वरच टिक मारलीय, आता काय करू?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यात केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करते. शिक्षण परिषदेआधी तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांना गुगल फॉर्म पाठवला, परिसर अभ्यासात प्रयोग घेता का, मुलांना प्रश्न विचारू देता का असं सगळं, पर्याय नेहमी, कधीकधी, कधीच नाही. जवळजवळ सगळ्यांनी ‘नेहमी’ भरलंय. शाळेत गेलं की चित्र वेगळंच असतं. असे फॉर्म भरून घेण्यात काही अर्थ आहे का?
— एक वाचक

उत्तर : ताई, भेटीच्या वेळी शेरा तुम्हीच लिहिणार आणि प्रयोग घेता का हेही तुम्हीच विचारणार, मग ‘कधीच नाही’वर टिक मारायची हिंमत कोण करेल? सगळेच खोटं बोलतात असंही नाही हं, चांगलं दिसावं असं कुणालाही वाटतं आणि बऱ्याच जणांना मनापासून वाटत असतं की आपण घेतो प्रयोग.

पण खरी गडबड तुमच्या पर्यायांत आहे. एकाचं ‘नेहमी’ म्हणजे दर आठवड्याला, दुसऱ्याचं म्हणजे धडा आला की. अमेरिकेत कॅथरीन हेस आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये विज्ञान कसं शिकवतात यावर शिक्षकांसाठी प्रश्नावली छापली, त्यात महिन्यातून एकदोनदा, आठवड्यातून एकदोनदा, जवळपास रोज असे पर्याय आहेत. तेवढं तरी उचलाच.

दुसरं, प्रश्न बारीक करा. पाण्यात काय विरघळतं हा पाठ घ्या. मीठ, साखर, रेती, गोडेतेल टेबलावर मांडलं, सरांनी ग्लासात टाकून ढवळलं, पोरांनी लांबून बघितलं, झाला प्रयोग, आणि फॉर्मवर टिकही खरीच. म्हणून असं विचारा की चमचा कुणाच्या हातात होता, आधी अंदाज कुणी सांगितला, बघितलेलं वहीत पोरांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं की फळ्यावरून उतरवलं. अशा प्रश्नाला नुसतं ‘हो’ भरून सुटता येत नाही.

‘मला विज्ञान शिकवायला जमतं’ टाइपचे प्रश्न यात घुसवू नका. त्यासाठी रिग्ज आणि एनॉक्स यांची 1990 ची 25 विधानांची वेगळी प्रश्नावली आहे, पण ती आत्मविश्वास मोजते, आणि आत्मविश्वास दांडगा असला म्हणून पोरांच्या हातात चमचा जाईलच असं काही नाही.

आणि एकेका प्रश्नावरून निकाल लावू नका. डॅनियल मेयर यांनी 1999 मध्ये बीजगणिताच्या शिक्षकांची उत्तरं आणि प्रत्यक्ष तास ताडून बघितले, तर सगळ्या उत्तरांचा एकत्र आकडा बऱ्यापैकी जुळला, सुटी उत्तरं मात्र तितकी भरवशाची निघाली नाहीत. म्हणून चारपाच प्रश्नांची बेरीज बघा आणि मोजक्या वर्गांत जाऊन बसा, तेही शिक्षकांना विचारून, वही-पेन बाजूला ठेवून. सगळीकडे जायला तुम्हाला वेळ कुठाय!

फॉर्म कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र पाठवू नका, तेव्हा निम्मी पोरं शेतात, मागच्या आठवड्यात काय घेतलं विचारलं तर चांगला शिक्षकही शून्यच भरेल. आणि नाव नको म्हणून शाळेचा यूडायस नंबर (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागाल तर तोही काढा, केंद्रात शाळा त्या किती, कुणी काय भरलं ते चहा पिता पिता कळतं सगळ्यांना.