घरी शिवलेला फ्रॉक आणि मुलीचा नकार

“मुलीच्या विधीचा पोशाख मी माझ्या हाताने शिवावा अशी फार इच्छा आहे, पण ती विकतचाच हवा म्हणून अडून बसली आहे. तिला समजवावे, की आपणच माघार घ्यावी?” या आशयाचा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेक घरांतून येतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना घालायच्या पांढऱ्या पोशाखावरून झालेली रुसवाफुगवीही मी ऐकलेली आहे. येथे ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते अचलपूर तालुक्यातील एका खेड्यातील कॅथलिक कुटुंब असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिचे प्रथम कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, दोन महिन्यांवर आले होते. आई घरीच शिलाईकाम करते, वडील हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये असतात. परतवाड्याच्या दुकानात टांगलेला नेटचा घेरदार फ्रॉक मुलीच्या मनात भरला होता, तर आईने त्याआधीच पांढरे पॉपलीन आणून ठेवले होते. पैशांची ओढाताण होतीच, परंतु बोलता बोलता स्पष्ट झाले की आईचे दुखणे पैशांचे नव्हते. “साऱ्या गावाचे ब्लाऊज मी शिवतो मॅडम, अन् माह्या पोरीलेच माह्या हातचं नको,” असे त्या म्हणाल्या आणि पुढे बराच वेळ त्यांनी काही सांगितले नाही. नंतर कळले की त्यांच्या स्वतःच्या प्रथम कम्युनियनला त्यांनी चुलत बहिणीचा जुना फ्रॉक बाह्यांना पिना लावून घातला होता. त्यांची हौस खरी होती, पण ती पुरी करण्याचे काम नकळत लेकीच्या अंगावर येऊन पडले होते.

मुलीशी मी वेगळी बोलले. फ्रॉक का नको, असे विचारले की मुले खांदे उडवतात. म्हणून चर्चमध्ये त्या दिवशी काय काय होणार आहे ते क्रमाने सांगायला लावले. आधी फादरांजवळ पापनिवेदन, मग मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मग प्रसादासाठी रांगेने पुढे जायचे, हे तिला सिस्टरांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात नीट शिकवले होते. रांगेचा उल्लेख आल्यावर तिचा आवाज बदलला. आदल्या वर्षी आईने शाळेचा स्कर्ट घरी शिवला होता. कापड दुसऱ्या दुकानातले असल्याने रंगाची छटा किंचित निराळी आली, आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर तिला रांगेतून बाजूला काढण्यात आले. “मले पांढराच पाहिजे, सगळ्यायसारखा,” असे ती म्हणाली. नेटचा तिने उच्चारही केला नाही. भीती आईच्या शिवणकामाची नव्हती. पांढऱ्यातही वेगळे दिसण्याची होती.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण सहा ते बारा वर्षांच्या टप्प्याचे वर्णन उद्यमशीलता विरुद्ध न्यूनता, म्हणजे ‘मला जमते’ विरुद्ध ‘मी कमी पडते’, असे केले आहे. या वयात मूल स्वतःला वर्गातल्या इतरांशी जोखू लागते, त्यामुळे “लोकांकडे लक्ष देऊ नकोस” हा मोठ्यांचा आवडता सल्ला त्याच्या उपयोगाचा नसतो.

त्यानंतरचे काम समुपदेशनापेक्षा शिवणकामाचेच अधिक होते. पोशाख ठरवून दिलेला आहे का, हे आधी फादरांना विचारण्यास मी सुचवले, कारण काही धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) सर्व मुलींना सारखाच पोशाख असतो. चर्चचा कायदा मुलाची समज आणि तयारी पाहतो, पोशाख नव्हे. पांढरा रंग ही बाप्तिस्म्याच्या वस्त्राची आठवण करून देणारी रूढी आहे. येथे तसे कोणतेही बंधन निघाले नाही. मग आईने पॉपलीनचा एक तुकडा धुऊन, वाळवून मुलीच्या हाती दिला आणि तो तिने स्वतः वर्गातल्या दोन मैत्रिणींच्या फ्रॉकांशी लावून पाहिला. एक शुभ्र होता, दुसरा मोतिया. पांढरे पांढऱ्यासारखे नसते, हे पाहिल्यावर तिची निम्मी धास्ती गेली. मैत्रिणींच्या पांढऱ्यातच फरक होता, तेव्हा आपला तिसरा खपून जाणार होता.

निर्णयांची वाटणी मी लिहूनच घेतली. कापड आईचे, परंतु गळा, बाह्या आणि लांबी मुलीची. आधी स्वस्त मांजरपाटाचा नमुना शिवायचा आणि तो घालून पाहीपर्यंत मुलीला नाही म्हणण्याची मुभा राहील, ही अट आईला जड गेली. तरीही मी ती सोडली नाही, कारण नकाराची वाट बंद असेल तर होकाराला किंमत राहत नाही आणि भेटीचे ओझे होते. नमुना अंगावर चढवल्यावर मुलीने कमरेची नेटची झालर काढायला लावली (आईने ती तिला खूश करण्यासाठीच लावली होती), कारण ती टोचत होती, आणि रुमालासाठी बाजूच्या शिवणीत खिसा मागितला. आईने पॉपलीन कापण्यापूर्वी धुऊन आटवून घेतले, अकरा नंबरची सुई लावली आणि फ्रॉक पुरा केला. डोक्यावरची जाळीची ओढणी (व्हेल) मात्र दुकानातून आली. त्यात आईने हात घालू नये असे मुलीने स्पष्ट सांगितले होते.

मुलीने तो फ्रॉक घातला. नसता घातला तरी मी हीच पद्धत सुचवली असती, कारण अशा वेळी पालकांनी प्रथम हे तपासावे की मूल आपल्या हातच्या वस्तूला नाकारते आहे की त्या वस्तूमागे दडलेल्या एखाद्या जुन्या अपमानाला. दुसरे असेल तर विकतचा फ्रॉक आणूनही तो अपमान तसाच राहतो. शाळेतला तो प्रसंग घरी कुणालाच ठाऊक नव्हता, हे कळल्यावर आई शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोलून आल्या.

धाकट्या मुलीसाठी त्यांनी घेराच्या काठाला तीन इंच दुमड राखून ठेवली आहे. तो फ्रॉक धाकटीला द्यावा का, असे त्यांनी शेवटच्या भेटीत विचारले, तेव्हा आधी थोरलीला विचारा आणि धाकटीला त्यानंतर, असे मी सांगितले.